अंगठ्याआधी

मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांदेखत माझं लुगडं बाजूला सारलं. पोट दाबलं. बरोबरच्या दोन शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले, "कॅन्सरची गाठ दिसते. सगळंच काढून टाकू. असल्या वस्तीतल्या बायकांना पोरांची काय कमी?"

ते हसले. मी बावीस वर्षांची. पदरी एक मूल नव्हतं.

दुष्काळाचं साल. पारनेरकडं आम्ही नवरा-बायको खडी फोडायचो. पोट वाढलं तेव्हा सासूला वाटलं, दिवस गेले. तिनं माझ्या हातातला हातोडा काढून घेतला. निघाली गाठ. मग नगरच्या दवाखान्यात आणलं.

शेजारच्या खाटेवर एका बागायतदाराची सून. तिलाही तसलीच गाठ. याच डॉक्टरांनी तिच्या सासऱ्याला बसायला स्टूल दिलं. हळू आवाजात समजावलं, "गाठ एकाच बाजूला आहे. दुसरा बीजकोश चांगला निघाला तर ठेवू, गर्भाची पिशवीही ठेवू. पोरगी लहान आहे. पुढं मूल होऊ शकेल."

म्हणजे ठेवता येत होतं.

दुपारी नर्स कागद आणि शाईचं पॅड घेऊन आली. थेट माझ्या नवऱ्याकडं. त्यानं अंगठा पुढं केला. मी कागद ओढून घेतला. चौथीपर्यंत शिकले होते. 'लागेल ती शस्त्रक्रिया', एवढंच लिहिलेलं. माझं काय काढणार, एक अक्षर नाही.

"पोट माझं हाय. मला इचारा."

डॉक्टर आले. "मरायचंय का तुला?"

"न्हाई. पर तिचं ठिवता, मग माझं का न्हाई?"

डॉक्टरांचा चेहरा लाल. नवरा पुटपुटला, "अगं, हाकलत्याल आपल्याला."

"हाकलू द्या."

मी कागद सोडला नाही.

शेवटी डॉक्टरांनी लिहिलं: दुसरी बाजू निरोगी असल्यास ती व पिशवी ठेवावी. पेन आपटलं. "परत गाठ आली तर माझ्याकडं रडत येऊ नकोस." मी अक्षर न् अक्षर वाचलं. मगच सही केली.

ऑपरेशन झालं. एक बाजू आणि पिशवी राहिली. मूल होईल का, गाठ परत येईल का, कुणी सांगत नव्हतं. बारीक कळ आली तरी अंगावर काटा यायचा.

आठव्या दिवशी समोरच्या खाटेवर घोडेगावची एक बाई आली. नर्स पॅड घेऊन तिच्या नवऱ्याकडं निघाली. मी उठले. टाके ओढले. भिंत धरत गेले आणि मधे उभी राहिले.

"शिस्टर, आदी कागद हिकडं द्या. बाई, मी वाचून दावते. मंग तू ठरिव."