भावकीबाहेरची भाकरी

न्हावऱ्याच्या बयाबाईला कुणी निवांत बसलेलं पाहिलेलं नाही. अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. मेंढरं विकली, दोन एकर रान घेतलं, स्लॅबचं घर झालं, पण पायांना ही बातमी अजून कुणी दिलेली नाही. काम नसलं तरी ती वेशीपर्यंत जाऊन येते. नवरा रखमाजी ओट्यावरून हसतो, "मोजून आलीस का गाव?"

मेंढरं होती तेव्हा दरसाल दिवाळीच्या आत त्यांचा वाडा, म्हणजे पाल, पोरं, घोडं असा सगळा संसार, भीमा ओलांडून दौंडकडं जायचा. कासुर्डीला भिमाजीच्या रानात मेंढरं बसायची. रानाला खत मिळायचं, यांना धान्य मिळायचं. रखमाजी बांधावरून विचारायचा, "रानात जागा हाय का, दादा?" आणि भिमाजीचं उत्तर ठरलेलं असायचं, "जागा इचारू नका. चूल कुठं मांडताय ते सांगा."

भिमाजीला सख्खी बहीण नव्हती. एका भाऊबीजेला त्याचा उतरलेला चेहरा बघून बयाबाईनं पालातलाच दिवा उचलला आणि त्याला ओवाळलं. त्या दिवसापासून तो तिचा भाऊ झाला. भिमाजीची बायको तुळजाबाई तिला 'वन्सं' म्हणू लागली. भिमाजीची नात तेजश्री तर बयाबाईच्या मांडीवर कोकरं घेऊनच वाढली.

मेंढरं विकली आणि हे सगळं थांबलं. पहिल्या दिवाळीला बयाबाईनं पिशवी भरून ठेवली होती. मग मनात आलं, त्यांना आपलं कौतुक होतं की आपल्या मेंढरांच्या लेंड्यांचं? मोकळ्या हातानं गेलो आणि कुणी नुसतं 'बसा' म्हणालं, तर? पिशवी तशीच उचलून ठेवली. चार-पाच दिवाळ्या अशाच गेल्या. ही गोष्ट तिला आतून खायची, पण कुणाला सांगायची सोय नव्हती.

इकडं सून सोनम धंद्याला लागली. बचत गटातून शिरूरला शिबिराला गेली आणि तिथं ऐकून आली की धंदा माणसांवर चालतो, नेटवर्क पाहिजे. पोरगी जिद्दीची. आठवड्यात तिनं बाजरीच्या भाकऱ्या करायला घरोघरच्या बायका जमवल्या. चुलतसासू, जाऊ, पुतणसून, सगळ्या भावकीतल्या. आपलीच माणसं, दगा देणार नाहीत. बयाबाईनंही मान डोलावली. हायवेचे दोन ढाबे लागले, आणि मग वरवंडच्या एका मंगल कार्यालयातून हळदीच्या जेवणाची पाचशे भाकरीची ऑर्डर आली. ही नीट पार पडली तर पुढच्या सगळ्या तिथी सोनमच्या, असं मालकानं सांगितलं. बिघडली तर काय, ते त्यानं सांगितलं नाही, पण सोनमला कळलं.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी भावकीतले थोरले आप्पा गेले. नव्वदी गाठलेला म्हातारा, दूध पिऊन आडवा झाला तो उठलाच नाही. सुखानं गेला, पण जाताना अख्ख्या भावकीला दहा दिवसांचं सुतक देऊन गेला.

सुतकातल्या घरची भाकरी हळदीच्या पंगतीला कशी चालायची? एका म्हाताऱ्यासरशी सोनमचं सगळं नेटवर्क चुलीपासून लांब झालं. बाहेरच्या घरातली एक बाईसुद्धा तिनं धरली नव्हती.

सकाळी ती डोक्याला हात लावून बसली. "आत्या, कुणाला कळणार हाय? गुपचूप करू."

"बायका हात लावायच्या न्हाईत," बयाबाई म्हणाली. "आन् कळलं तर परत कुणी तुझी भाकरी तोंडात घालायचं न्हाई."

"मग मालकाला न्हाई म्हणून सांगते." सोनमच्या डोळ्यात पाणी आलं.

बयाबाईनं ते पाणी पाहिलं. कासुर्डीचं नाव तिच्या ओठावर सकाळपासून होतं, पण तिथं आता कोणत्या तोंडानं जायचं? ती उठून वेशीपर्यंत गेली, परत आली आणि लेकाला म्हणाली, "शंभू, टेम्पो काढ. गिरणीतलं पीठ तसंच भर. आपल्या घरात आणू नगं."

सोनमही टेम्पोत चढली. कासुर्डीला भिमाजीच्या अंगणात बयाबाई उंबऱ्यापासून लांबच उभी राहिली. "वैनी, मी सुतकात हाय, आत येत न्हाई," म्हणाली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

तुळजाबाईनं ऐकून घेतलं. मग पदर खोचला. "मेंढरं इकली, तवा भाऊ बी इकून टाकला का वो, वन्सं? दर भाऊबीजेला हे पाट मांडून बसत्यात. वाट बघून बघून उठत्यात. आन् आज भाकरी नडली तवा आमी आठवलो व्हय?"

बयाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी आतून इतकं बरं वाटलं, की तिला रडावं का हसावं कळेना. रागावतं ते माणूस आपलंच असतं. "चुकले, वैनी," एवढंच ती म्हणाली.

"चुकलाच." तुळजाबाईनं घराकडं वळून हाक मारली, "तेजश्री, वस्तीवर फोन लाव! पाटलाच्या, माळ्याच्या, समद्यांच्या घरी. तवे चढवा म्हणावं."

मग सोनमचं डोकं भराभर चालायला लागलं. पीठ मोजून कुठं द्यायचं, भाकरी केवढी थापायची, टेम्पो कोणत्या वाटेनं फिरवायचा, सगळं तिनं अंगणातूनच तेजश्रीला सांगितलं. पिठाला मात्र तिनं हात लावला नाही. बयाबाई बांधावरच्या बाभळीखाली बसली, जिथं त्यांचं पाल असायचं तिथंच. भिमाजी येऊन जरा अंतरानं टेकला. नुसता तंबाखू मळत बसला आणि मधूनच तिच्याकडं बघून हसला.

दिवे लागायच्या आत भाकऱ्या वरवंडला पोचल्या. पंगत जेवली. मालकानं पुढच्या तिथी सांगितल्या, आणि सोनमनं त्या टेम्पोतच ठरवून टाकलं की यापुढं एका भावकीतली एकच बाई धरायची, आणि कासुर्डीची वस्ती कायम.

बयाबाईला मात्र एक रुखरुख राहिली. आपण गेलो तो गरजेला गेलो. घेतलं, दिलं काहीच नाही. सुतक फिटल्यावर ती वैनीला साडीचोळी घ्यायचं मनात धरून होती, तेवढ्यात तुळजाबाईचाच फोन आला. एरवी तोफ असलेली बाई आज अडखळत होती.

"वन्सं, एक इचारायचं व्हतं. तेजश्रीला रांजणगावच्या कंपनीत नोकरी लागलीय. परक्यात खोली करून ठिवायला जीव होत न्हाई. कंपनीची बस न्हावऱ्यावरनं जाती म्हणं. तर... तुमच्या घरात जागा हाय का?"

बयाबाईनं फोन कानाला तसाच धरला. आयुष्यभर हा प्रश्न तिनं आणि रखमाजीनं विचारला होता, बांधाबांधावर, गावागावात उभं राहून. त्यांना कधी कुणी विचारला नव्हता. डोळे भरून आले. तिनं वर स्लॅबकडं पाहिलं आणि ओट्यावर चक्क बसली.

"जागा इचारू नका, वैनी," ती म्हणाली. "पोरगी कवा येतीय ते सांगा."