युरोपच्या यादीतला रावेरचा शोध

पुण्याहून निघताना बॅगेत औषधांखेरीज महत्त्वाचं एकच होतं, एका शास्त्रीय नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलेलं पत्र. पाठवण्याआधी ते रावेरच्या, केळी पिकवणाऱ्या भागवतभाऊंना वाचून दाखवायचं होतं.

कुठल्या प्रदेशाच्या संशोधनाचा जगावर किती प्रभाव पडला, याचे तक्ते मी शेतकी संशोधनातून निवृत्त झाल्यावर हौसेनं वाचतो. युरोप वर, आपण खाली. अशाच एका तक्त्यात, युरोपच्या यादीत, मला माझा निबंध दिसला. केळीच्या हरण्या रोगावरचा (यात पानांवर पिवळे पट्टे पडतात). तरुणपणी तो युरोपात छापून यावा म्हणून मी तिथल्या एका प्राध्यापकांचं नाव आधी घातलं, पत्ताही त्यांचाच दिला. काकडीच्या वेलाजवळच्या केळीला हा रोग आधी लागतो, हे मला भागवतभाऊंनी सांगितलं होतं. त्यांचं नाव मी कुठेच घातलं नाही. ते आता तरी घाला, असं पत्रात लिहिलं होतं.

भुसावळनंतर गाडीत डोळा लागला आणि रावेर मागे गेलं. बऱ्हाणपूरला उतरून रावेरकडे परतणाऱ्या बसची वाट पाहत बसलो. शेजारी शिंदखेड्याचे एक गृहस्थ होते.

"कोठे जाई ऱ्हायनात, नाना?"

"माफी मागायला."

"मंग हात हालावत काय चालनात? काहीतरी लई जा!"

मी खव्याची जिलेबी घेतली.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा, मागे सातपुड्याची निळी रेघ. घडांनी भरलेल्या ट्रॅक्टरमागे बस रखडत होती. मला घाई नव्हती. खरं तर भीती वाटत होती.

भाऊ ओट्यावर बसले होते. आता पंच्याऐंशीचे. "अरे, सायेब! डोक्यावरले केस कोठी टाकून आले?"

त्यांच्या पत्नी सिंधूअक्कांनी भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) वाढली. जेवण झाल्यावर मी पत्र वाचलं.

"हे खोटं हाये," भाऊ म्हणाले.

"खोटं?" मी विचारलं.

"ते काकडीचं मी नाही पाह्यलं, सायेब. हिनं पाह्यलं. मी तर हसलो होतो."

"नुसते हसले?" आतून अक्का म्हणाल्या. "मी काकडीचे वेल उपटले म्हनून दोन दिवस बोलले नाही माह्याशी!"

भाऊंनी मान खाली घातली. "तवा सायबासमोर बायांनी बसायची रीत नव्हती. मीच बोललो. तुमी मले शाबासकी दिली, अन् मी घेतली."

मला ती दुपार आठवली. दाराआड एक बाई उभी होती. मी तिच्याकडे चहा मागितला होता.

मी पत्रातलं भाऊंचं नाव खोडलं. "अक्का, तुमचं पूर्ण नाव सांगा."

त्या ओले हात पुसत बाहेर आल्या आणि भाऊंकडे पाहू लागल्या.

"माह्याकडे काय पाहते?" भाऊ हळूच म्हणाले. "आता तू बोल."

परतीच्या गाडीत मी पत्र नव्यानं लिहिलं. आमचं श्रेय युरोपनं नेलं, असं मी उगीच म्हणत आलो. अक्कांकडून ते भाऊंकडे गेलं, भाऊंकडून माझ्याकडे, आणि पुढे युरोपला मीच दिलं. संपादक दुरुस्ती छापतील की नाही, ठाऊक नाही. तक्ता तर तिळभरही हलणार नाही. पण पत्रात आता शोध लावणारीचं पूर्ण नाव आहे, आणि त्याखाली पत्ता: रावेर.