टँकर फक्त उतारावर थांबायचा

गाडी दुरुस्त झाली की मालक घेऊन जातो, किस्सा मात्र दुकानातच राहतो. केजच्या माझ्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात आता जुन्या डायनॅमोंपेक्षा किस्सेच जास्त झालेत. त्यातला निम्मा माल आमच्या गावच्या दूध सोसायटीच्या टँकरचा. दुष्काळात दूध आटलं, तेव्हा सोसायटी त्यातून पाणी वाटायची. आणि नेमकी त्याच वर्षी बॅटरी चार्ज होईना.

*

चेअरमन आबा म्हणजे ठरावाशिवाय शिंकायचे नाहीत. मीही सभासद, म्हणून हक्कानं सांगितलं, की दोष शोधायला टँकर दोन दिवस सोडा. आबांनी बैठक बोलावली. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर नाना टँकरऐवजी कागद घेऊन आला. ‘बॅटरी तत्काळ चार्ज व्हावी, असे सर्वानुमते ठरले.’ खाली सूचक, अनुमोदक, शिक्का.

नानानं विचारलं, “आता तरी व्हईल का?”

*

मग नानानं इंजिन बंद करणंच सोडलं. भाच्यासाठी मुलगी बघायला गेला, तोही टँकर घेऊन. आत पोहे चाललेत, दारात इंजिन धडधडतंय. मुलीच्या बापानं भीत भीत विचारलं, “पावनं, लई घाई हाय का?”

“न्हाई, निवांत हाय. बंद केली तर मुक्काम करावा लागंल.”

लग्न तिथल्या तिथं जमलं.

*

बंद पडलाच तर नुसत्या धक्क्यानं सुरू व्हावा, म्हणून नाना टँकर उतारावरच उभा करायचा. साहजिकच पाणी उतारावरच्या आळीला. ऊसतोडीहून परतलेल्यांची वस्ती सपाटीला. तिथं तो एकदाच गेला आणि बंद पडला. बायकांनी ढकलत ढकलत सडकेला आणून सोडला. तेव्हापासून त्याच बायका हंडे घेऊन चढ चढत होत्या.

त्यांच्यातल्या सोनाआजी बाजाराच्या दिवशी दुकानात आल्या. “लेकरा, आमची वस्ती सपाट हाय, ह्यात आमचा काय गुन्हा?”

मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी टँकर दुकानापुढून जाताना मी आडवाच उभा राहिलो. ठराव नाही, काही नाही.

*

बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, म्हणजे आमच्या भाषेत डायनॅमो, तपासला. पट्टा ताठ, आतले ब्रश चांगले, बॅटरीही ठीक. मग नानाला विचारलं, हे कधीपासून? म्हणाला, नवरात्रापासून. नवरात्रात काय केलं? नानानं केबिनमधल्या देवीला हात जोडले.

समोर देवीच्या फोटोपुढं इवलासा लाल दिवा जळत होता. आणि मीटरशेजारचा चार्जिंगचा लाल बल्ब गायब! जुन्या गाडीत डायनॅमोला जागं करणारा करंट त्याच बल्बातून जातो. देवीपुढं उजेड, डायनॅमो झोपलेला.

नाना म्हणाला, “येवढ्याशा बल्बावर येवढा टँकर हाय, हे कुनी सांगितलंच न्हाई.”

तो बल्ब परत जागेवर बसवला आणि देवीला मी दुसरा दिला.

*

चावी फिरवली की मीटरशेजारचा तो दिवा लागतो आणि चार्जिंग सुरू झालं की विझतो. हे मी नानाला तीनदा समजावलं. सोनाआजींना समजवायचं राहून गेलं.

टँकर वस्तीवर नेला, मीही बरोबर होतो. हंडे भरले, टाकी रिकामी झाली. नानानं ऐटीत इंजिन बंद केलं. टँकर उद्या येणार की नाही, ते आता ठरणार होतं. आजी खिडकीतून आत बघत होत्या. नानानं चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि दिवा विझला.

“दिवा इझला! ढकला गं!”

मी ओरडून सांगितलं, की आजी, इंजिन चालू आहे. त्या म्हणाल्या, “मागल्या खेपंला बी आदी चालूच हुतं.”

मागं-पुढं बायकाच बायका, गिअर टाकायची नानाची हिंमत होईना. न्यूट्रलमधला, व्यवस्थित चालू असलेला टँकर बायकांनी ढकलत सडकेपर्यंत आणला. नाना स्टिअरिंग धरून देवीकडं बघत होता.

पुढच्या बैठकीत ठराव झाला. ‘टँकर सुरू करून दिल्याबद्दल वस्तीवरील महिलांचे आभार. यापुढे पहिली खेप त्यांच्याकडेच.’

अनुमोदक म्हणून सही माझी आहे.