जहराच्या वाटेवर, भाईंनी शिवलेलं कापड

माझे थोरले भाऊ हसनभाई वारल्याची बातमी बोटीने परतलेल्या एका शेजाऱ्याने आणली. तोवर त्यांना कुवेतच्या मातीत ठेवून महिना झाला होता. भाभी इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायच्या चार महिने दहा दिवसांत, बसल्या. त्यांना घराबाहेर पडता येत नव्हते. दाराआडून त्या मला म्हणाल्या, "बशीर, तू जाऊन ये. ते तिथे नेमकं काय करत होते ते बघ. आणि त्यांच्या हातचं काहीतरी मला आणून दे." गावात लोक हसायचे की हसन एवढा शिडं शिवणारा, आणि कुवेतला जाऊन एका वेड्या इटालियनासाठी गोणपाटं शिवतो. पासपोर्ट हाती येईपर्यंत दोन महिने गेले, मग मी कचेरीतून रजा काढली.

हा प्रवास पन्नासचे दशक संपता संपताचा आहे. आता मुंबईहून विमानाने काही तासांत पोचता येते, तेव्हा बोटीने आठवडा सहज जायचा. डेकचे तिकीट सर्वांत स्वस्त. त्यात पथारी आपली आणि डबाही आपला. मी भाकऱ्या, सुका जवळा आणि आमसुले घेतली होती. कराची, मस्कत अशी बंदरे घेत बोट कुवेतला लागली आणि किनाऱ्यापासून लांबच थांबली. पुढे लहान होडीने जायचे होते. हिशेब सोपा होता, कारण तिथेही रुपयाच चालायचा. नोटा मात्र आखातासाठीच्या वेगळ्या, तांबड्या, त्या बदलून घेतल्या. डिसेंबर होता आणि थंडी झोंबत होती. वाळवंटात जायचे म्हणून मी स्वेटर घेतला नव्हता. तुम्ही थंडीत गेलात तर जरूर घ्या.

कासिमचाचा धक्क्यावर आले होते. ते आमच्याच बाजूचे, बंदराजवळ त्यांची खानावळ होती. मला बघून म्हणाले, "हसनचा भाऊ ना? चाल बघूनच ओळखला. आमसुलं आणलीस का? मग रडणं नंतर, आधी जेव." त्यांनी हमूर माशाचे कालवण आणि भात वाढला. 

दुपारी कब्रस्तानात गेलो. नावाचा दगड वगैरे काही नाही. ओळीने मातीचे उंचवटे. चाचांनी एक दाखवला. मी फातेहा पढलो. त्या ओळीत भाई कुठले आणि बाकीचे कुठले, हे मला एकट्याला सांगता आले नसते.

दुसऱ्या दिवशी शेअरच्या टॅक्सीने जहराला, शहराबाहेरच्या जुन्या गावाला, निघालो. शहराची मातीची भिंत नुकतीच पाडली होती, वेशी तेवढ्या उभ्या होत्या. त्यापुढे सपाट रेती आणि मधून मधून नव्या इमारतींचे लोखंड. वाटेत चाचांनी सांगितले, "गलबतांना इंजिनं बसली. शिडं कोण शिवणार? हसन धक्क्यावर नुसता बसून असायचा. तिथे हा इटालियन, आर्तुरो, त्याला भेटला. जुनी शिडं विकत घेत फिरत होता, रद्दीवाल्यासारखा."

आर्तुरोची शेड रस्त्यापासून आत, खजुरीच्या बागेला लागून होती. पन्नाशीचा उंच माणूस, हातांवर भाजल्याचे डाग. "तुम हसन का भाई," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो. युद्धात तो आफ्रिकेत पकडला गेला आणि इंग्रजांनी त्याला हिंदुस्तानातल्या छावणीत ठेवले. हिंदी तिथे शिकला. चित्राला कॅनव्हास मिळेना, म्हणून तांदळाच्या पोत्यांवर रंगवायला लागला. सुटून गावी गेला तर गाव बाँबने पडलेले. "त्यानंतर चेहरे काढता येईनात," तो म्हणाला. मग रंगही सोडला. पोती, डांबर आणि आग एवढ्यावरच काम. मिलानमध्ये पहिल्या प्रदर्शनाला लोक कचरा म्हणाले, आणि दहा वर्षांत तोच कचरा मोठमोठ्या शहरांतली संग्रहालये मागायला लागली. कुवेतला तो एका नव्या इमारतीची भिंत सजवायला आला होता आणि जुन्या शिडांसाठी राहून गेला.

मग त्याने शेडचे दार पूर्ण उघडले.

मला चित्रांतले काही कळत नाही. घरात कॅलेंडरशिवाय चित्र नव्हते. समोर पुरुषभर उंचीची कापडे होती. त्यांत माणूस नव्हता, झाड नव्हते. शीड आणि गोणपाट एकमेकांना जोडलेले, त्यावर डांबर, आणि मधे आगीने खाल्लेली मोठाली भोके. आग प्रत्येक ठिकाणी शिवणीपर्यंत आली होती आणि तिथे थांबली होती. टाके काळे पडले होते, पण तुटले नव्हते. ते टाके मी ओळखले. लहानपणी भाईंनी शिवलेल्या शिडांखाली सावलीत झोपलो होतो. मी टोपी सरळ केली. मशिदीत शिरताना करतो तशी, नकळत.

"बाकीचे शिवणारे होते," आर्तुरो म्हणाला, "त्यांचं सगळं जळून जायचं. हसनचं उभं राहायचं."

शेवटी त्याने एका चौकटीवरचे फडके काढले. भाईंनी आजारी पडण्याआधी शिवलेले कापड, अजून न जाळलेले. डांबरही लावून झाले होते. त्याने डागकामाचा, ज्योत फेकणारा ब्लोलँप पेटवला आणि माझ्या हातात दिला.

"तुझ्यासाठी थांबलो. आग घरच्यानेच द्यायची ना?"

मी ज्योत धरून उभा राहिलो.  शेवटी म्हणालो, "आमच्यात जाळत नाहीत. पुरतात."

कासिमचाचा म्हणाले, "इतकी वर्षं हिंदुस्तानात राहिलात साहेब, एवढं कळलं नाही?"

"तारेच्या आत होतो," आर्तुरो म्हणाला. "समोर नदी होती. तिच्या काठावर जेवढं दिसलं, तेवढंच कळलं." त्याने लँप माझ्याकडून घेऊन विझवला.  मग म्हणाला, "कापड तुझं. चौकटीवरून काढून देतो, घेऊन जा."

भाभींनी मागितलेली वस्तू समोर होती. एवढे ओझे बोटीवर सहज गेले असते. पण ते घरी नेऊन आम्ही काय करणार होतो? घडी घालून पेटीत ठेवणार. इथे ते उभे होते.

"राहू दे," मी म्हणालो. "फक्त जाळू नका."

"पुरताना काय करतात?"

"आलेला प्रत्येक जण तीन मुठी माती देतो."

तो बाहेर जाऊन घमेल्यात बागेतली माती घेऊन आला. डांबर जरा तापवले, ज्योत लांब धरून. "आधी तू." मी माती दिली. मग चाचांनी दिली, मग त्याने. डांबराने माती धरली. पुढे त्याने तळहाताने, कुठे नुसत्या बोटाने, ती कापडभर पसरवली. हे संध्याकाळपर्यंत चालले. माझ्या डोळ्यांदेखत ते कापड जमीन झाले, आणि तिच्यातून भाईंची शिवण गेली होती, शेताच्या बांधासारखी.

परतीच्या बोटीवर मला एकच विचार होता, भाभींना काय सांगू. घरी पोचलो तेव्हा त्यांची इद्दत संपली होती. त्या ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी सगळे सांगितले, वेड्यासारखे वाटेल तेही.

"म्हणजे काही आणलं नाहीस."

"नाही."

"मातीखाली टाके बुजले?"

"नाही. वर दिसतात."

त्या आत जाऊन दाभण आणि सुतळी घेऊन आल्या. रिकाम्या पोत्याची कड मांडीवर घेतली, सुतळी दुहेरी केली आणि वीतभर शिवण घातली, मागे एक टाका घेऊन मग पुढे. "लग्नानंतर शिकवला होता त्यांनी," म्हणाल्या. "असाच का?"

मी बोट फिरवून पाहिले. "असाच."

त्यांनी पोते पुन्हा मांडीवर ओढले आणि पुढची कड शिवायला घेतली.