गाईडमधला समुद्र

स्टाफरूममधला चहा गार होतो, किस्से काही संपत नाहीत. मी मारेगावकडच्या एका कॉलेजात 'वक्तृत्व आणि लेखन' शिकवतो, त्यामुळे माझ्या वाट्याला जरा जास्तच येतात. यंदा पोरं कमी म्हणून विषय बंद करायचं चाललं होतं. त्याआधी एका तरी पोराच्या तोंडून त्याचं स्वतःचं वाक्य ऐकावं, एवढीच माझी हाव होती. ती काही पुरी होईना.

सुरुवातीलाच 'माझे गाव' हा निबंध दिला. मुकुटबनच्या पूजाने गावाला समुद्रकिनारा देऊन टाकला, वर नारळाची झाडं! म्हटलं, बाई, तुमच्याकडे समुद्र कधी आला?

ती शांतपणे म्हणाली, "सर, गाईडमध्ये होता."

*

मग तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा. चिठ्ठी उचलायची, निघेल त्या विषयावर बोलायचं. आमच्या इरफानला 'कापूस' निघाला आणि त्याचं पाठ होतं 'स्त्रीशक्ती'. गडी डगमगला नाही. "कापूस वेचते कोण? स्त्री!" म्हणाला आणि तिथून जो सुटला तो थेट टाळ्यांपर्यंत. दुसरं बक्षीस मिळालं.

पहिलं ज्याला मिळालं त्याचा विषय 'मोबाईल' होता. भाषण हेच, आवाज मोठा.

*

'माझी आई' घरून लिहून आणायला सांगितलं. सगळ्यांनी फोनवरून उतरवलं. सगळ्यांच्या आया पहाटे उठून पदराने घाम पुसत होत्या. निखिलची आई तो दुसरीत असतानाच गेली. तीही उठत होती.

त्या दिवशी मला हसू आलं नाही. नोकरी सोडावी असं खरंच वाटलं.

*

शेवटी प्राचार्यांनी विषय बंद करायची फाइल काढली. विनंती करायला पोरांनी पूजाला पुढे केलं. तीही फोनवरचं भाषण पाठ करून आली होती. "आदरणीय प्राचार्य महोदय," इथवर आली आणि अडकली. पुढचं काही केल्या आठवेना. मग मान खाली घालून म्हणाली,

"सर, घरी मले कोणी काई विचारत नाही. ह्याच तासाले विचारतात, तुले काय वाटते म्हणून. मले सांगता येत नाही अजून. पण कोणी विचारून तं राह्यलं."

वर्षभर मी याचीच वाट पाहत होतो.

प्राचार्यांनी फाइलवर सही केली आणि माझ्याकडे वळले.

"वर्षभर शिकवलंत सर, आणि पोरीचं साधं भाषण पाठ नाही?"