गिरजा सोनू, जंगलमजुराची मुलगी

कार्तिकात आमच्या सिंदेवाहीकडच्या उन्हाला पिकलेल्या धानाचा गोडसर, किंचित दमट गंध असतो. त्या गंधातूनच मी वडिलांच्या गावच्या शाळेकडे निघालो होतो. माझ्या मुलीच्या, प्राचीच्या, वैद्यकीय प्रवेशासाठी जातपडताळणी व्हायची होती. आम्ही बौद्ध, जी जात मागे टाकून आलो तिचाच शब्द जुन्या कागदांत शोधत फिरणे कुठेतरी खुपत होते, पण घरातल्या कुणाची तरी जुनी नोंद सापडल्याशिवाय प्रकरण पुढे सरकणार नव्हते.

वडील शाळेत गेलेच नव्हते. आजोबा, सोनू, आलापल्लीच्या सागवनात लाकूडतोडीला जात. त्यांनी आपल्याला शाळेऐवजी गुरांमागे धाडले, ही खंत वडिलांनी अखेरपर्यंत उराशी धरली, आणि न पाहिलेल्या आजोबांविषयी माझ्याही मनात तीच अढी उतरली होती.

मुख्याध्यापिकाबाईंनी दाखल-खारीज रजिस्टर काढून दिले. वाळवीने कुरतडलेली, फिकट शाईची पाने उलटता उलटता दुपार कलली, आणि एका ओळीवर माझे बोट थबकले. गिरजा सोनू. पालकाचा धंदा जंगलमजुरी. जातीच्या रकान्यात हवा होता तो शब्द. शाळा सोडण्याचे कारण, घरकाम. गिरजा म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. तिला वाचता येते हे ठाऊक होते. पण ती विहारात शिकली असेल, असे आम्ही गृहीत धरले होते. विचारले कुणीच नव्हते.

त्या अख्ख्या पानाची नक्कल घेऊन मी थेट नागभीडजवळच्या तिच्या गावी गेलो. अंगणात धान वाळत होते. शाळेचे विचारले तशी आत्या सावकाश बोलली.

"बा जंगलातून कोनाकडून तरी पत्र लिवून धाडे. मायले ते वाचून घ्यायले लोकाइच्या दारात जा लागे. बा म्हने, पोरगी शिकली त घरची गोष्ट घरात राह्यल."

दोन वर्षे तिने आजीला पत्रे वाचून दाखवली. मग सागाचा ओंडका आजोबांच्या पायावर आला आणि ते कायमचे घरी बसले. आजी मजुरीला गेली, घरकाम आत्याकडे आले, आणि वडील जाणते झाले तेव्हा घराला शाळेपेक्षा गुराख्याची गरज होती.

"तुह्या बापाले गुरामागं धाडलं, त्या दिसी बा जेवला नाई," आत्या म्हणाली.

वडिलांना हे ऐकायला मिळायला हवे होते. तरी त्या अंगणात, उतरत्या उन्हात, मला आजोबा प्रथमच आपले वाटले. इतक्या वर्षांची अढी कधी सुटली ते कळलेही नाही. प्राचीचे काम आता होणार होते, पण त्या घडीला मला उठण्याची घाई नव्हती.

आत्याने चष्मा पुसून नक्कल हाती घेतली. स्वतःच्या नावावर ती थांबली, आणि मग तिचे बोट खाली सरकले. "हे चंद्रभागा. माह्या बाजूले बसे," ती म्हणाली, आणि पुढच्या ओळीकडे वळली.