फळ्यावरचं शून्य

"बोटं बघू," सर म्हणाले. साऱ्या वर्गासमोर.

मी हात पुढं केले. बोटं काळी. हुपरीत आमच्या घरी आई आन् मी पैंजणाला घुंगरं जोडतो. चांदीचा काळपटपणा नखात बसला की साबणाला दाद देत न्हाय. सरांनी खडू माझ्या हातात दिला न्हाय. टेबलावर ठेवला आन् उचल म्हणाले.

कोल्हापुरातला बारावीचा क्लास. निम्म्या फीवर घेतलेली मी एकटीच. म्हणून रोज फळा पुसायचा तो मी. दुसऱ्या कुणाच्या हातात डस्टर दिलेला मी कधी बघितला न्हाय.

गणित साइनचं होतं. शून्यापासून π पर्यंत बदलाचा सरासरी दर काढायचा. मी आलेख काढला. शून्यातनं एकपर्यंत चढतो, परत शून्यावर उतरतो. मी चढण धरली, उतरण बी धरली. झाले दोन. दोन भागिले π लिवलं.

आमच्या घरात जोडलेलं घुंगरू काढून परत जोडलं तर आई दोन्ही कामं धरते. मजुरी देणारा व्यापारी धरत न्हाय, ती धरते. तशीच मी मोजत गेले. चूक ती चूकच. शेवटच्या किमतीतनं पहिली वजा करायची आन् अंतरानं भागायचं. शून्यातनं शून्य गेलं, शून्यच उरतं.

एवढंच सांगायचं होतं की सरांनी. त्यांनी माझं उत्तर खोडलं, भलंमोठं शून्य काढलं आन् त्याखाली माझं नाव लिवलं.

"ही सकाळी हुपरीतनं एसटीनं येते, संध्याकाळी घुंगरं जोडायला परत जाते. सरासरी बदल किती?"

"शून्य," वर्ग ओरडला. माझ्या बाकावरची मैत्रीण बी ओरडली. तिचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

"मधलं कोण विचारतंय?" सर हसले. "चल, पूस आता."

मी डस्टर उचलला. सवयच तशी. लाज वाटत होती, आन् लाज वाटते ह्याचाच जास्त राग आलता. डस्टर परत टेबलावर ठेवला.

"तुम्ही लिवलंय. तुम्हीच पुसा."

क्लास त्याच दिवशी बंद झाला माझा. बाबा म्हणाले, जाऊन माफी माग, गरज आपली हाय. आई मान खाली घालून घुंगरं जोडत राहिली. मी गेले न्हाय. बारावीला गणितात कशीबशी पास झाले. त्या वर्गातली पोरं लई पुढं गेली, खोटं कशाला सांगू?

आता कॉलेजात गणितच घेतलंय. घरी घुंगरं जोडतेच, बोटं काळीच हायत. फळ्यापुढं बोलावलं की मी तीच बोटं पुढं करते. खडू हातात द्यायचा. टेबलावर ठेवून उचल म्हणाल, तर तो तिथंच पडून राहील.